जुन्या फटफटीला शर्यतीचा साज

पोलंडमधल्या किएल्त्से शहरातल्या एसएचएल कारखान्यात 1961 साली एम-11 नावाची मोटारसायकल बनू लागली. 173 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर आणि ताकद जेमतेम 9 हॉर्सपॉवर. मायदेशात ती दशकभरही टिकली नाही. भारतात मात्र एस्कॉर्ट्स कंपनीने तिचाच आराखडा घेऊन ‘राजदूत’ काढली आणि ही पोलिश फटफटी पुढची चार दशके आपल्याकडे धावत राहिली. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ती ग्रामसेवकाकडे होती, शाळामास्तरांकडे होती, दूधवाल्याकडे होती, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे होती. आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता धड होण्याआधी ज्या दुचाकीने तो पार केला, ती कंपनीच्या कागदावर काहीही असो, व्यवहारात ‘डर्ट बाइक’च होती.

त्यातल्या कितीतरी गाड्या आज गोठ्याच्या कोपऱ्यात उभ्या आहेत. टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचे बिऱ्हाड, टाकीत गंजाचा चुरा. भंगारवाला त्या किलोवर मागतो. इंग्लंड-अमेरिकेत त्याच पिढीच्या गाड्यांचे नशीब वेगळे आहे. तिथले हौशी लोक त्या खोलतात, जुळवतात, शर्यतीसाठी बेतानेच बदलतात आणि सुटीच्या दिवशी चिखलात उतरवतात. या प्रकाराला क्लासिक किंवा व्हिंटेज मोटोक्रॉस म्हणतात. त्यात भाग घेणारे बरेचसे लोक गाडीहून वयाने मोठे असतात, ही त्यातली आणखी एक गंमत.

मातीवरच्या मोटारसायकल शर्यतीचा उगम इंग्लंडमधला. 1924 साली सरे परगण्यातल्या कॅम्बर्ली इथे अशी पहिली नोंदलेली शर्यत झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती युरोपभर पसरली, 1957 साली 500 सीसी गटाला जगज्जेतेपदाचा दर्जा मिळाला आणि 1962 साली 250 सीसी गटाला. त्या काळात मैदानावर राज्य होते ते अवजड फोर-स्ट्रोक गाड्यांचे. ते मोडले चेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड या हलक्या टू-स्ट्रोकने. बेल्जियमच्या जोएल रोबेरने 1964 साली 250 सीसीचे जगज्जेतेपद सीझेडवर जिंकले आणि पूर्व जर्मनीच्या पॉल फ्रीडरिक्सने 1966, 67 आणि 68 अशी सलग तीन वर्षे 500 सीसीचे. सीझेड म्हणजे जावाची सख्खी बहीण. आणि जावा म्हणजे 1961पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनलेली, पुढे ‘येझदी’ या नावाने महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसलेली गाडी. म्हणजे जगज्जेत्या घराण्याचे रक्त आपल्याकडे आधीपासूनच होते. कॉलेजातली पोरे त्यावर बसून टपरीवर जात होती, एवढेच.

क्लासिक शर्यतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इंजिन नसते, नियमपुस्तिका असते. ब्रिटनमध्ये ‘प्री-65’ हा गट फार लोकप्रिय आहे. नावाप्रमाणे 1965 पूर्वीच्या बनावटीच्या गाड्यांचा. अमेरिकेत 1986 साली स्थापन झालेली ‘आर्मा’ ही संस्था अशा शर्यती भरवते. तिच्या व्हिंटेज गटांत साधारण 1974 पर्यंतच्या बनावटीच्या गाड्या चालतात आणि एक अट काटेकोर असते: पुढचे शॉकअप 7 इंचांपेक्षा जास्त दबता कामा नये आणि मागचे चाक 4 इंचांपेक्षा जास्त वरखाली होता कामा नये. इंजिनातून कितीही ताकद काढा, पण उडी मारून खाली आल्यावर पाठीचा कणा 1974 सालातच राहिला पाहिजे!

ही सीमारेषा नेमकी तिथेच का? कारण त्याच सुमारास सगळे बदलले. ल्यूसियाँ तिलकेन्स या बेल्जियन अभियंत्याने मागच्या दोन शॉकअपच्या जागी टाकीखाली एकच लांब शॉकअप बसवण्याची कल्पना काढली. यामाहाने ती विकत घेतली आणि 1973 साली स्वीडनच्या हाकान अँडरसनने तिच्या जोरावर 250 सीसीचे जगज्जेतेपद जिंकले. पुढच्या आठ-दहा वर्षांत चाकाची वरखाली होण्याची मर्यादा चार इंचांवरून बारा इंचांपर्यंत गेली. त्याआधीची गाडी आणि त्यानंतरची गाडी एकाच मैदानात पळवणे म्हणजे जुन्या गाडीवर अन्यायच. म्हणून रेघ तिथे.

आता हा हिशेब आपल्याकडच्या गाड्यांना लावून पाहावा. विदर्भात जुनी दुचाकी म्हटले की तरुण पोरांच्या डोळ्यांपुढे आधी येते ती यामाहा आरएक्स 100. नोव्हेंबर 1985 मध्ये आलेली, 1996 साली प्रदूषणाच्या नियमांमुळे बंद झालेली. 98 सीसीत 11 हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. भारतातल्या मातीवरच्या शर्यतींत तिने आणि तिच्या 135 सीसीच्या भावंडांनी वर्षानुवर्षे धूळ उडवली. तिची आज मागितली जाणारी किंमत ऐकून मात्र जुना मालक डोक्याला हात लावतो. पण वर्षाच्या हिशेबात ती ‘क्लासिक’ला उशिराच आली. उलट 1990 साली विकत घेतलेली राजदूत ही बनावटीने 1961 सालचीच आहे. तिच्या सांगाड्यात आणि इंजिनात त्यानंतरचे काही क्रांतिकारक नाही. क्लासिक शर्यतीत पुष्कळ ठिकाणी गाडी कारखान्यातून कधी निघाली यापेक्षा तिची बनावट कोणत्या काळातली आहे हे पाहतात. त्या न्यायाने गोठ्यातली राजदूत ही शोरूमच्या काचेमागच्या आरएक्सपेक्षा जास्त खरी क्लासिक ठरते. येझदीही बनावटीने जुनीच. जुन्या जावाची 65 मिलिमीटर बोअर आणि 75 मिलिमीटर स्ट्रोकची रचना, एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवून गिअरचा खटका म्हणून वापरायचा, अशी तिची तऱ्हा. तो खटका दाबताच क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे चिखलात डावा हात हँडल सांभाळायला मोकळा राहतो.

गाडी ठरली की पुढचा प्रश्न मातीचा. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, वरोरा-राजुरा-कोरपना भागात, वर्धा नदीकाठची काळी माती आहे. पूर्वेकडे ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि पुढे वैनगंगेपलीकडे वडसा, आरमोरी हा धानाचा पट्टा. दक्षिणेला आलापल्ली, एटापल्लीकडे लाल मुरूम, नाले आणि नद्यांची वाळू. या तिन्ही प्रकारच्या जमिनी गाडीकडून तीन वेगवेगळ्या गोष्टी मागतात; धानाच्या बांधीची मागणी पुढे नळीच्या गणितात येईल.

काळ्या मातीची मागणी मडगार्डपासून सुरू होते. ओली काळी माती टायरला चिकटते, थरावर थर चढतो आणि मडगार्ड व चाक यांच्यामधली दोन बोटांची फट भरून जाते. मग चाक फिरतच नाही, गाडी जागेवर उभी राहते. पावसाळ्यात पुढचे मडगार्ड काढून ठेवणारे शेतकरी म्हणूनच दिसतात. डर्ट बाइकचे पुढचे मडगार्ड चाकापासून वीतभर वर बसवलेले असते त्याचे कारण शोभा नाही, हे आहे. राजदूतला शर्यतीसाठी तयार करताना पहिला बदल इथेच करावा: पत्र्याचे खोल मडगार्ड काढून स्टिअरिंगच्या खालच्या क्लॅम्पला उंच, अरुंद मडगार्ड बसवावे. सुरुवातीच्या राजदूतला पुढे टेलिस्कोपिक शॉकअप नव्हते. चाक पुढे ढकललेल्या दांड्यांवर तोललेले असायचे. त्या रचनेचा एक विशेष असा की पुढचा ब्रेक दाबला तर गाडीचे नाक खाली जात नाही, किंचित वरच येते. खड्ड्यांच्या रस्त्यावर ते सुखाचे होते. शर्यतीच्या वळणावर मात्र हीच रचना हँडल जड करते. तिला ठेवायचे की त्याच काळच्या बनावटीचे टेलिस्कोपिक बसवायचे, यावर दोन मिस्त्रींचे एकमत होणार नाही.

मुरमाच्या धुळीचा धोका वेगळा. त्यात वाळूचे, म्हणजे सिलिकाचे बारीक कण असतात आणि ते सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात. टू-स्ट्रोक इंजिनात हवा आधी क्रँककेसमध्ये जाते, मग सिलिंडरमध्ये; त्यामुळे फिल्टरमधून सुटलेली धूळ पिस्टन-रिंगांबरोबर क्रँकच्या बेअरिंगांनाही खाते. जुन्या गाड्यांचा जाळीचा फिल्टर पुरेसा नाही. फोमचा फिल्टर घट्ट ऑइलमध्ये बुडवून, पिळून बसवावा आणि प्रत्येक शर्यतीनंतर धुवावा. कार्बोरेटरपासून फिल्टरपर्यंतच्या रबरी नळीला चीर नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. फिल्टर हजाराचा आणि नळी फाटकी, असे दृश्य गॅरेजात नेहमी दिसते.

खोलकामाला बसल्यावर आधी हात लावायचा तो सांगाड्याला. रंग मागाहून. नवा चकचकीत रंग आणि पावडर कोटिंग यांच्याखाली तडे झाकले जातात, म्हणून उघड्या लोखंडाची तपासणी झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये. हँडलच्या नळीचा जोड, मागच्या चिमट्याची खीळ बसते ती जागा आणि फुटरेस्टचे जोड, तडे इथेच पडतात. ते शोधायची जुनी कारखानी पद्धत आजही चालते: जोड रॉकेलने पुसायचा, कोरडा करायचा, त्यावर खडूची भुकटी चोळायची आणि वाट पाहायची. तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळपट रेघ उमटते. ती दिसली की तिथे वेल्डिंगच्या जोडीने पट्टी मारावी लागते. मागच्या चिमट्याचे बुश झिजलेले असतील तर लेथवर गनमेटलचे नवे करून घ्यावेत. कोनसेट बदलावा. चाकांचे आरे नव्याने भरावेत, रिमचा आउट काढावा. फुटरेस्ट स्प्रिंगवर दुमडणारे हवेत, कारण पडल्यावर ताठ फुटरेस्ट पायाचे हाड मोडतो. बहुतेक नियमपुस्तिका ते सक्तीचे करतात. हँडलवर इंजिन बंद करण्याचे बटण हवे. हेडलाइट, इंडिकेटर, कॅरिअर, साइड गार्ड, साडी गार्ड सगळे उतरते. शंकरपटाचा, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा, छकडा पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही: ओझ्याची बंडी वेगळी आणि पटात जुंपायचा हलका सांगाडा वेगळा.

ब्रेकचे काम करताना एक सावधगिरी. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचे. ड्रम उघडून आतली भुकटी फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची सवय छातीला महागात पडते. ओल्या फडक्याने पुसावे.

मग इंजिन. गॅरेजच्या भाषेत ‘हाफ इंजिन’ म्हणजे हेड, सिलिंडर आणि पिस्टनचे काम. ‘फुल इंजिन’ म्हणजे क्रँककेस फोडून बेअरिंगा, कनेक्टिंग रॉड, सील सगळे. मालकाला हाफमध्ये भागवायचे असते, कारण पैसे निम्मे लागतात. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकच्या बाबतीत तो मोह टाळावा. क्रँकच्या दोन टोकांना बसलेली रबरी ऑइल सील उभ्या-उभ्या कडक होतात. इंजिन चालू झाले की त्यांच्या कडेने बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी; पेट्रोल कमी म्हणजे त्यात मिसळलेले ऑइलही कमी. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला धरतो. शर्यतीत भर वेगात मागचे चाक जाम होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे, आणि बोअर करून नवा पिस्टन टाकल्याने ते जात नाही.

याची परीक्षा घरी करता येते. सायलेन्सरचे तोंड आणि कार्बोरेटरची जागा रबराच्या पट्टीने बंद करायची, प्लगच्या भोकातून सायकलच्या पंपाने जेमतेम पाच-सहा पीएसआय हवा भरायची, गेज लावायचा आणि सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी सोडायचे. पाच-सहा मिनिटे काटा जागेवर राहिला तर सील चांगली. बुडबुडे जिथे येतील तिथे दोष. दहा मिनिटांच्या या कामाने पुढचा पिस्टन वाचतो, तरीही ते फार थोड्या गॅरेजांत केले जाते.

सिलिंडर झिजला असेल तर बोअर मारून 0.25, 0.50 असा पाव-पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन टाकतात. 1 मिलिमीटरपर्यंत पोचलेल्या सिलिंडरमध्ये पुढे जागा उरत नाही, नवी स्लीव्ह घालावी लागते. राजदूतचे असे सामान नागपुरात जुन्या दुकानदारांकडे अजून निघते, पुण्याच्या जुन्या बाजारात निघते, दिल्लीच्या करोल बागेतून मागवता येते. त्यात नकली मालही पुष्कळ, म्हणून पिस्टन हातात घेऊन मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय मिस्त्रीने सिलिंडरला हत्यार लावू नये. आधी पिस्टन, मग त्याच्या मापाने बोअर, हा क्रम उलटा झाला की काम वाया गेलेच समजा.

ताकद वाढवायचे वेड सगळ्यांनाच असते आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याची किल्ली सायलेन्सरमध्ये आहे. सायलेन्सरमधली जाळीनळी काढून टाकली की गाडी ‘फुटते’, असा गावोगाव समज आहे. आवाज फुटतो हे खरे. ताकद बहुधा कमी होते. खरी विद्या पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यातल्या वाल्टर काडेन या अभियंत्याची. हा माणूस युद्धकाळात पीनेम्युंडे इथल्या क्षेपणास्त्रांच्या कामावर होता. त्याने ओळखले की एक्झॉस्ट पोर्ट उघडताच नळीतून दाबाची लाट निघते आणि नळीचा आकार बदलेल तिथून ती परत फिरते. नळी आधी रुंदावत नेली तर परतणारी लाट जळका धूर खेचून बाहेर काढते. पुढे ती निमुळती केली तर दुसरी लाट परत येऊन, पोर्टातून निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. फुगीर पोटाची ही नळी म्हणजे एक्सपान्शन चेंबर. 1961 साली काडेनने 125 सीसीच्या इंजिनातून 25 हॉर्सपॉवर काढली, म्हणजे लिटरला 200. त्याच हिशेबाने राजदूत लिटरला 52 देते आणि आरएक्स 100 सुमारे 112.

त्याच वर्षी सप्टेंबरात काडेनचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळून गेला. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता आणि त्याची बायको-मुले मोटारीच्या डिकीत लपून सरहद्द ओलांडून आली होती. तो गेला सुझुकीकडे, बरोबर काडेनची विद्या घेऊन. पुढच्याच वर्षी सुझुकीने 50 सीसीचे जगज्जेतेपद जिंकले. जपानी टू-स्ट्रोकची पुढची सगळी घोडदौड, आरएक्सच्या नळीपर्यंतची, या चोरीनंतरची आहे.

या नळीची लांबी ठरवण्याचे गणित वहीत मांडता येते. इंजिन मिनिटाला 7,500 फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला 8 मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्ट पोर्ट त्यातला साधारण निम्मा वेळ, म्हणजे 4 मिलिसेकंद उघडे असते. तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर. तेवढ्या वेळात लाट 2 मीटर जाते. जाऊन-येऊन मोजले तर नळी सुमारे 1 मीटर हवी. राजदूतसारखे इंजिन 5,500 फेऱ्यांवर खेळवायचे असेल तर हीच लांबी 1.4 मीटरच्या घरात जाते. म्हणून आरएक्सची नळी राजदूतला लावून काहीही साधत नाही, आणि धानाच्या बांधीत जिथे कमी फेऱ्यांवर ओढ लागते तिथे लांब नळीची आळशी वाटणारी गाडीच पुढे निघते.

ओढ मिळवायचा त्याहून स्वस्त मार्ग स्प्रॉकेटचा आहे. पुढे 15 आणि मागे 45 दात असतील तर प्रमाण 3. पुढचे काढून 13 दातांचे बसवले की प्रमाण 3.46 होते, चाकाला मिळणारा जोर सुमारे 15 टक्क्यांनी वाढतो आणि कमाल वेग सुमारे 13 टक्क्यांनी घटतो. मातीवर कमाल वेगाची चैन कोणाला परवडते? पोर्ट घासून मोठे करण्याआधी प्रत्येकाने हे करून पाहावे, कारण घासलेले पोर्ट पुन्हा भरता येत नाही.

इंधनाच्या बाबतीत काळ बदलला आहे. जुन्या राजदूतमध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे. आरएक्सला वेगळा ऑइल पंप आहे, पण शर्यतीत अनेक जण तो काढून पुन्हा मिश्रणावर येतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, जुन्या रबराला फुगवते, टाकीचा गंज वाढवते. शिवाय त्यात स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याच कार्बोरेटरवर मिश्रण पातळ होते आणि जेट थोडा मोठा करावा लागतो. त्यात चंद्रपूरची हवा. डिसेंबरच्या पहाटे 12 अंश आणि मे महिन्यात 45 अंश. गरम हवा विरळ असल्याने मे महिन्यात इंजिनात सुमारे 10 टक्के कमी हवा जाते. थंडीत बरोबर बसवलेला जेट उन्हाळ्यात जाड पडतो. न्याय करतो तो प्लग: पूर्ण थ्रॉटलवर पळवून तिथेच इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून बघायचा. चहासारखा तपकिरी असेल तर ठीक. काळा असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा दिसला तर तिथल्या तिथे थांबावे, पुढचा फेरा पिस्टन खाईल.

राहिला कायदा, आणि इथे हौशी मंडळी हमखास अडकतात. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेल्या दुचाकीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. अट मात्र अशी की गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नकोत. म्हणजे शर्यतीसाठी कापलेली, जोडलेली राजदूत या सवलतीला मुकते. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या तपशिलाबाहेरच्या बदलांना रस्त्यावर परवानगी देत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम 189 खाली गुन्हा आहे. म्हणून शहाणा माणूस सुरुवातीलाच ठरवतो: ही गाडी जपायची की पळवायची. दोन गाड्या असतील तर उत्तम. एकच असेल आणि ती सत्तरच्या दशकाच्या आधीची, मूळ टाकी-मडगार्डांसह असेल, तर तिला करवत लावणे हा अपराधच आहे, मग कलम असो वा नसो. बदल करायचेच असतील तर नटबोल्टने उलटवता येतील असे करावेत आणि काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पोत्यात ठेवावा.

पळवायची कुठे, हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत तर अधिकच नाजूक. ताडोब्याच्या सफारीत दुचाकीला मज्जाव आहेच, पण ब्रह्मपुरी वनविभागात वाघ आणि माणूस एकाच शिवारात वावरतात. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणे 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा ठरते, आणि उघड्या नळीच्या टू-स्ट्रोकचा आवाज दोन किलोमीटरवरच्या माणसालाही नको असतो, जनावराचे तर सोडाच. नदीपात्रातली वाळू मोकळी दिसते म्हणून तिथे गाड्या नेऊ नयेत. पर्लकोटा आणि इंद्रावतीच्या काठचे लोक पुराबरोबर जगतात, उन्हाळ्यातले पात्र हीच त्यांची वाट आणि पाणवठा असतो.

देशातल्या मोटारस्पोर्टचे नियंत्रण एफएमएससीआय या महासंघाकडे आहे आणि अधिकृत शर्यतीला त्याची मान्यता लागते. मातीवरच्या शर्यतीला महाराष्ट्रात प्रेक्षक आहेत हे पुण्याने अनेकदा दाखवले. 28 जानेवारी 2024 रोजी इंडियन सुपरक्रॉस लीगची पहिली शर्यत बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाली. ती नव्या गाड्यांची होती. राष्ट्रीय अजिंक्यपदांत जुन्या गाड्यांच्या मोटोक्रॉसला अजून वेगळा गट नाही. जावा-येझदीवाले दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी एकत्र जमतात, गाड्या चमकवून आणतात, फोटो काढतात आणि घरी जातात. चिखल त्या गाड्यांच्या वाट्याला क्वचितच येतो.

खरे तर झाडीपट्टीइतकी, म्हणजे पूर्वेकडच्या या धानपट्ट्याइतकी, तयार जागा दुसरी नाही. धान कापून झाले की मोकळ्या शेतात शंकरपट भरतो, दिवसा जोड्या सुटतात आणि रात्री त्याच गावात नाटक उभे राहते. वडसा हे त्या नाट्यमंडळ्यांचे माहेरघर. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने या शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या सगळ्या काळात इथल्या पट समित्यांनी परवानगीचे अर्ज, दोरखंडाचे कुंपण, रुग्णवाहिका, वेळेची नोंद हे सारे शिकून घेतले आहे. पंचक्रोशी जमवायची कशी, हे त्यांना कोणी शिकवायला नको. मातीचा फेरा आखायला एक नापिकीचे शेत, शेतमालकाची संमती, पोलिसांचा आणि महासंघाचा परवाना आणि वीसेक जुन्या गाड्या एवढेच लागेल. अर्ध्या किलोमीटरच्या फेऱ्यात तीन गिअरची राजदूत आणि तितकीच जुनी जावा पाच मिनिटे झुंजल्या तर तिकीट काढून बघायला लोक येतील, यात शंका नको.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी गाडी पडून आहे, त्यांनी भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. आरसी बुक शोधावे आणि त्यावरचे चॅसिस व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहावेत. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावे, रात्रभर ठेवावे आणि सकाळी किक हळूच दाबून क्रँक फिरते का ते बघावे. आणि टाकीतले जुने पेट्रोल आजच काढून टाकावे.